शेवटच्या टाकीतलं पाणी

समुद्राकाठी तिवरखाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात जोमा नावाचा एक भोळा होता. तसे गावात भोळे पुष्कळ होते. पण बाकीचे निवडणुकीला उभे राहिले आणि जोमा एकटाच कामाला लागला.

कोळ्याचं पोर असून तो होडीवर का नव्हता? होता, एक दिवस होता. होडीचा म्होरक्या तांडेल म्हणाला, "जोमा, जाळं सोड." जोमाने सोडलं. दोरीसकट सोडलं. तांडेल कपाळ बडवायला लागला तेव्हा जोमा म्हणाला, "दोरी धरून ठेव आसं तुमी बोल्लाच नाय." त्यानंतर त्याला कुणी होडीला हातसुद्धा लावू दिला नाही.

जोमाची आई जानाबाय खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायची. तिसऱ्यांचं कालवण म्हणजे बोटं चाटायची चीज. पण गावाची गटारं त्याच खाडीत उतरत होती, आणि गटारात काय असतं ते गावाला माहीत होतं, कारण ते गावानेच पाठवलेलं असे. जानाबायने बाजारात टोपली मांडली की बायका विचारत, "खाडीच्या का गं?" खाडीच्या म्हटलं की नाकाला पदर लावून पुढे जात. मग टोपली तशीच घरी येई आणि मायलेक तिसऱ्या खात. रोज खात. जोमाला तिसऱ्यांचा वीट आला होता, पण त्याहून जास्त त्याला आईचं उतरलेलं तोंड बघवत नव्हतं.

अशात नगरपरिषदेने किनाऱ्यावर सांडपाण्याचा प्रकल्प बांधला. गावाचं घाण पाणी तिथे घ्यायचं, एका टाकीतून दुसऱ्या टाकीत करत साफ करायचं आणि जाड पाइपाने पार लांब समुद्रात सोडायचं. म्हणजे खाडी मोकळी. फक्त एक गोष्ट राहिली होती. सरकारी तपासणीत पाणी पास होऊन परवानगी येईपर्यंत समुद्रात थेंब सोडायचा नव्हता. तोवर थोडंसं पाणी चाचणीसाठी प्रकल्पात आणि बाकीचं सगळं, बापजाद्यांपासून चालत आलं तसं, खाडीत.

प्रकल्पावर कोळीवाड्यातला एक माणूस घ्यायचं ठरलं होतं. कोळीवाड्याने बसून विचार केला आणि ज्याच्यावाचून कुणाचं काही अडणार नाही असा माणूस दिला.

निघताना जानाबायने बजावलं, "साहेब सांगंल तसंच कर. तुजी अक्कल मधी घालू नको. परवानगी आली ना जोमा, आपली खाडी साफ व्हईल."

"साहेब सांगंल तसंच करीन आय," जोमा म्हणाला. आणि जोमा शब्दाचा पक्का होता.

प्रकल्पाचे साहेब म्हणजे कर्णिक. शिकलेले, सडपातळ, पित्ताचा त्रास असलेले गृहस्थ. पहिल्या दिवशी त्यांनी जोमाच्या हातात दाताळं दिलं आणि त्याला मोठ्या गटाराच्या तोंडाशी, लोखंडी जाळीपाशी उभं केलं. प्रकल्पाचा फाटा आणि खाडीचा फाटा त्या जाळीच्या पुढे फुटत होता.

"गावातून पाण्याबरोबर वाट्टेल ते वाहत येतं. पिशव्या, चिंध्या, चपला. इथून पुढे काही म्हणजे काही जाता कामा नये. समजलं?"

"समजलं साहेब."

जोमाने पिशव्या काढल्या. चिंध्या काढल्या. एक कवळी आली, तीही काढून जपून ठेवली, कुणाची तरी असेल. मग त्याच्या लक्षात आलं, पाणी अजून पुढे जातंच आहे. साहेब तर म्हणाले, काही म्हणजे काही नाही. त्याने वाळूची पोती आणली आणि जाळी गच्च बुजवून टाकली.

दुपारी गावात बोंब उठली. गावाने सकाळी जे जे पाठवलं होतं ते सगळं वर आलं. गरिबाघरी थोडं आलं, श्रीमंताघरी जास्त आलं, कारण ज्याचं खाणं मोठं त्याचं सगळंच मोठं. नगराध्यक्ष भाऊंच्या संगमरवरी न्हाणीघरात तर पाय ठेवायला जागा उरली नाही.

कर्णिक साहेब धोतराचा सोगा सांभाळावा तशी पँट वर धरून धावत आले. "अरे, पाणी कशाला अडवलंस?"

"तुमी बोल्ले, काय पन फुडं जायला नको."

"अरे गाढवा, जे मोठं असेल तेवढंच अडवायचं! दाताळ्याने बाजूला ओढायचं आणि उन्हात निथळत ठेवायचं! बारीक असेल ते जाऊ द्यायचं!"

"आसं व्हय! फुडच्या टायमाला ध्यानात ठेवतो."

जोमाने ध्यानात ठेवलं.

साहेबांनी त्याला जाळीवरून उचलून फाटकावर बसवला. फाटकावर बसून माणूस बिघडवून बिघडवून काय बिघडवणार, असं त्यांना वाटलं. ते बिचारे जोमाला अजून ओळखत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी नगराध्यक्ष भाऊ न्हाणीघराचा जाब विचारायला आले. भाऊ म्हणजे भरदार माणूस. त्यांच्याबरोबर त्यांचा काटकुळा चिटणीस होता. जोमाने चिटणिसाकडे वरून खाली पाहिलं आणि त्याला आत सोडलं. मागून गावातला नामांकित भंगारचोर आला. तोही बारीक होता, तोही आत गेला. थोड्या वेळाने तो पंपाची तांब्याची तार खांद्यावर टाकून बाहेर आला. अजूनही बारीकच होता, म्हणून जोमाने त्याला बाहेरही जाऊ दिलं. भाऊंच्या पुढे मात्र त्याने दाताळं आडवं धरलं.

"तुमी बाजूला व्हा. तुमी मोठं हाय."

भाऊ सुखावले. "आहेच मी मोठा. उघड फाटक."

"मोठं आत सोडायचं नाय. तुमी तितं उन्हात ऱ्हावा. निथळा."

"काय करू?"

"निथळा. साहेबांचा हुकूम हाय."

भाऊ ओरडायला लागले. जोमाने दाताळ्याचे दात त्यांच्या पट्ट्यात अलगद अडकवले आणि त्यांना भिंतीकडेला नेऊन उभं केलं. वैशाखाचं ऊन होतं. भाऊ निथळले. टोपीपासून निथळायला लागले ते बुटापर्यंत निथळले.

कर्णिक साहेबांनी त्यांना आत नेलं, पंख्याखाली ठेवलं, सरबत पाजलं आणि मग बाहेर येऊन जोमाचा कान धरला. "तापलेलं प्रकरण असं हाताळतात? आधी तो आवाज बंद करायचा! ढवळाढवळ करायची नाही! शांत बसू द्यायचं! शांत बसलं की सगळं आपोआप निवळतं! समजलं?"

"समजलं साहेब. फुडच्या टायमाला ध्यानात ठेवतो."

जोमाने ध्यानात ठेवलं.

आता साहेबांनी त्याला माणसांपासूनच लांब ठेवला. मधल्या टाकीवर नेमला. त्या टाकीत एक यंत्र तळातून हवा सोडत असे. पाणी रात्रंदिवस खदखदत असे आणि यंत्र घरघरत असे. "इथे फक्त लक्ष ठेव," एवढंच सांगून साहेब तालुक्याला मीटिंगला गेले.

जोमाने लक्ष ठेवलं. लक्ष ठेवता ठेवता त्याला दिसलं, हे पाणी तर फारच तापलंय. आवाज केवढा! ढवळाढवळ केवढी! त्याने यंत्र बंद केलं. पाणी गप्प झालं. जोमाने टाकीवर वाकून तोंडावर बोट ठेवलं आणि दिवसभर शिंकसुद्धा दाबून धरली.

साहेब मीटिंगहून परतले तेव्हा वास त्यांना आणायला एसटी स्टँडवर आला होता.

"यंत्र कुणी बंद केलं?"

"श्श," जोमा म्हणाला. "निवळतंय."

"अरे कर्मा! त्या पाण्यात जीव असतात! डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक! गावाची घाण तेच खातात! त्यांना श्वासाला हवा लागते, आणि तू त्यांची हवा कोंडलीस! मेले रे सगळे!"

जोमाला रडू कोसळलं. मासळी सोडली तर त्याने जन्मात कुठला जीव मारला नव्हता. त्याने टाकीच्या पाया पडून माफी मागितली. मग साहेबांनी सांगितलं तसं त्याने शेण आणून कालवलं, गुळाच्या ढेपा फोडून घातल्या, आणि नवे जीव धरेपर्यंत टाकीशेजारून हलला नाही. रोज सकाळी वाकून विचारी, "जेवलाव का रं?" त्यांनी कधी उत्तर दिलं नाही, पण ते जेवत असावेत. कारण हळूहळू शेवटच्या टाकीतलं पाणी इतकं नितळ झालं की तळाचा खिळा दिसायला लागला.

कर्णिक साहेबांचं पित्त कितीतरी दिवसांनी खाली उतरलं. तपासणीच्या बाईंना त्यांनी बोलावणं पाठवलं आणि जोमाला समोर उभं केलं.

"उद्या सपकाळ मॅडम येणार. त्यांनी पास केलं की परवानगी आली. त्या आल्या आल्या पाणी मागतील. पहिल्या टाकीतलं दिलंस तर मेलो. मधल्या टाकीतलं दिलंस तरी मेलो. मॅडमनी पाणी मागितलं की शेवटच्या टाकीतलं द्यायचं. समजलं?"

"समजलं साहेब."

यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं.

सपकाळ मॅडम भर दुपारी आल्या. रस्ता खराब, गाडी जुनी, पाऊस लांबलेला. त्या येऊन खुर्चीत बसल्या, पदराने वारा घेतला आणि म्हणाल्या, "दादा, जरा पाणी देता का?"

जोमाने स्टीलचा पेला राखेने घासला. शेवटच्या टाकीतून काठोकाठ भरला. खाली ताटली धरून अदबीने दिला. मॅडमनी एका दमात संपवला.

"बरं वाटलं. थोडा औषधाचा वास येतोय, पण थंड आहे. विहिरीचं का?"

"नाय मॅडम. गावाचं."

"अच्छा, गावच्या नळाचं."

"नाय. गावानं वापरून सोडलेलं."

मॅडम उठल्या त्या थेट कुंपणाकडे गेल्या. तिथे त्या बराच वेळ वाकून उभ्या होत्या. खरं सांगायचं तर त्यांना पुढे काहीही झालं नाही, साधं पोटसुद्धा दुखलं नाही. कुठल्याही प्रकल्पाला याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळणार नाही. पण मॅडम त्या दिवशी प्रशस्तिपत्र देण्याच्या मनःस्थितीत नव्हत्या. त्या नमुना न घेताच निघून गेल्या.

कर्णिक साहेबांनी रिकामा पेला हिसकावून घेतला. "माणसाला ते पाणी पाजलंस? माणसाला? मॅडमनी पाणी मागितलं तर शहाळं द्यायचं, शहाळं! यापुढे त्यांनी पाणी मागितलं आणि तू शहाळ्याशिवाय दुसरं काही दिलंस, तर तंगडी तोडून हातात देईन! समजलं?"

"समजलं साहेब. फुडच्या टायमाला ध्यानात ठेवतो."

जोमाने ध्यानात ठेवलं.

साहेबांनी हातापाया पडून मॅडमना पुन्हा बोलावलं. या खेपेला मॅडम घरून आणलेली पाण्याची बाटली गळ्यात अडकवून आल्या. खुर्चीत बसल्या नाहीत. टाकीकडे तर त्यांनी पाठच केली. पिशवीतून नमुन्याची काचेची बाटली काढली, हात लांब करून जोमाला दिली आणि म्हणाल्या, "यात पाणी भरून आणा."

जोमा माडावर चढला. चांगलं कोवळं शहाळं बघून तोडलं. बाटली भरली, बूच लावलं, मॅडमना नेऊन दिली. पाणी कसं, आरशासारखं. मॅडमनी बाटली उन्हाकडे धरून पाहिली आणि पहिल्यांदाच हसल्या. बाटली लहान, शहाळं मोठं. उरलेलं पाणी जोमाने कर्णिक साहेबांना दिलं. साहेब घोट घेत म्हणाले, "पोरगं सुधारलं हो."

काही दिवसांनी मॅडमचा फोन आला. त्या इतक्या मोठ्याने बोलत होत्या की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "कर्णिक, बाटलीत काय भरून दिलंत? हे पाणी समुद्रात सोडलं तर कुजेल, तिथला सगळा प्राणवायू खाऊन टाकेल. मासे तडफडून मरतील! तुमचं कच्चं गटार याच्यापुढे गंगाजल! नारळी पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी येते. ही शेवटची वेळ. नापास झालात की प्रकल्पाला कुलूप, आणि तुमचं गटार जन्मभर खाडीत!"

साहेबांनी फोन ठेवला. बाहेर माडाखाली शहाळ्याचं करवंटं पडलं होतं. ते त्यांनी उचलून पाहिलं. आता ओरडायला त्यांच्यात पित्तही शिल्लक नव्हतं. त्यांनी जोमाला शेजारी बसवला आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं.

"जोमा, नारळाचं पाणी माणसाला गोड. पण समुद्रात गेलं की ते कुजतं आणि मासे मरतात."

"मासं मरतात?"

"मरतात."

"तिसऱ्या पन?"

"तिसऱ्या सगळ्यात आधी. त्यांना पळता येत नाही."

 जोमाला आईची टोपली दिसायला लागली.

"म्हणून सांगतो, ज्या पाण्यात नारळ गेला ते पाणी नासलं असं समज. ते आधी आपल्या टाक्यांत घ्यायचं, साफ करायचं, मगच समुद्रात. माझा बाप आडवा आला तरी यात बदल नाही. आणि हे पाइपाचं चाक बघून ठेव. भरतीला हे चुकूनसुद्धा उघडू नकोस. भरतीला उघडलंस तर समुद्र आत येईल. समजलं?"

"समजलं साहेब. ध्यानात ठेवतो."

नारळी पौर्णिमा आली. साहेब घरी नारळीभात खाऊन आडवे झाले. जोमा प्रकल्पाच्या कट्ट्यावर बसून होता. कोळीवाड्यातून वाजतगाजत मिरवणूक निघाली. पुढे बेंजो, मागे नव्या लुगड्यातल्या बायका, मध्ये पाटलाच्या हातात सोनेरी कागदाचा नारळ. सगळा गाव किनाऱ्यावर लोटला.

जोमा उठून उभा राहिला. "पाटील, नका टाकू! मासं मरतील!" पण बेंजोपुढे कुणाला काय ऐकू येणार? पाटलाने हात जोडले, "दर्याराजा, आमच्या होड्या सांभाळ," आणि सोनेरी नारळ लाटेत सोडला. मग घरटी एकेक नारळ पडायला लागला. धपाक, धपाक. जानाबायनेसुद्धा डोळे मिटून आपला नारळ टाकला.

जोमा समुद्राकडे बघत राहिला. ज्या पाण्यात नारळ गेला ते पाणी नासलं. ते आत घ्यायचं आणि साफ करायचं. पाणी जरा जास्त होतं हे त्यालाही दिसत होतं, पण साहेबांचा बाप आडवा आला तरी बदल नव्हता. आता एवढं पाणी आत घ्यायचं कसं? तेही साहेबांनीच सांगून ठेवलं होतं. पौर्णिमेचं उधाण होतं. भरती ऐन भरात होती. जोमाने चाकाला दोन्ही हात घातले आणि ते शेवटपर्यंत फिरवलं.

समुद्र आत आला. शेवटच्या टाकीत आला, मधलीत आला, पहिलीत आला. जुनं पाणी भिंतीवरून सांडून गेलं. टाकीतल्या जिवांनी जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि बहुधा शेवटचाच. गावाचं जे थोडं पाणी प्रकल्पात येत होतं त्याला आता आत जागाच उरली नाही. तेही मुकाट्याने खाडीत गेलं.

सकाळी मॅडम हजर. या वेळी त्यांनी कुणावर विश्वास टाकला नाही. नाक दाबून, डोळे किलकिले करून त्यांनी शेवटच्या टाकीतलं पाणी स्वतःच्या हाताने भरून घेतलं. कर्णिक साहेबांना टाकीत एक बोय मासा मजेत फिरताना दिसला. ते पटकन त्याच्या आडवे उभे राहिले. मॅडमची गाडी गेली तसं त्यांनी जोमाला टाकीपाशी ओढलं.

"जोमा, टाकीत हे काय आहे?"

"समुद्र हाय साहेब," जोमा म्हणाला. "आत घेतलाय. साफ झाला का सोडतो."

 मग निकाल आला. निकाल घेऊन मॅडम स्वतः आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "नोकरीत केस पांढरे झाले, पण असं पाणी कुठल्या प्रकल्पाने दिलं नाही. समुद्राच्या पाण्यापासून वेगळं ओळखताच येत नाही! परवानगी मंजूर. अट एकच. तुमच्या पद्धतीत काडीचाही बदल करायचा नाही."

कर्णिक साहेबांनी खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात नगराध्यक्ष भाऊंनी त्यांच्या गळ्यात हार घातला आणि पेढा त्या उघड्या तोंडात कोंबला. फटाके वाजले. साहेबांनी पेढा गिळला आणि त्याबरोबर जे सांगायचं होतं तेही गिळलं. पुढच्याच महिन्यात त्यांना बढती मिळाली आणि त्यांनी जिथे समुद्र नाही असं गाव मागून घेतलं.

भाऊंनी जोमाच्या पाठीवर थाप मारली. "ऐकलंस ना? जसं चाललंय तसंच चालू ठेवायचं. समजलं?"

"समजलं भाऊ."

तेव्हापासून तसंच चाललंय. भरती आली की जोमा चाक उघडतो आणि समुद्र आत घेतो. टाक्यांतून फिरवतो. ओहोटी लागली की बाहेर सोडतो. पुन्हा भरती, पुन्हा चाक. बाहेरगावचे लोक प्रकल्प बघायला येतात, नितळ पाण्यापुढे उभे राहून फोटो काढतात. गावाचं पाणी घ्यायला टाकीत जागा नसते, म्हणून ते सगळंच्या सगळं खाडीत जातं.

एकदा जानाबाय बाजारातून भरली टोपली घेऊन तशीच प्रकल्पावर आली. टोपली खाली ठेवून तिने विचारलं, "जोमा, परवानगी आली ना रं? मंग खाडी आजून तशीच कशी?"

जोमाने कपाळाचा घाम पुसला आणि क्षितिजापर्यंत हात केला.

"दम धर आय. आधी येवढा समुद्र साफ व्हऊ दे, मंग खाडीचं बघू."